पुन्हा तेच, कोणता कंटेनर?

अंबडच्या कारखान्यात सर्व्हर बसवायचा म्हटलं की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, सगळं डॉकरमध्येच टाकू ना!" डॉकर म्हणजे प्रोग्राम सर्व्हरवरच्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरात, चालवायचं साधन. अरे, पण आत चालवायचं काय, ते तर आधी विचारा! एकच सेवा असेल तर डॉकर उत्तम. कारखान्यातल्यांना मात्र कंटेनरात हवं अख्खं मशीन: एसएसएच (दुरून लॉगिन), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), मेल, सगळं एकत्र. ते काम २००८ पासून एलएक्ससी हे लिनक्सवरचं दुसरं कंटेनर साधन मुकाट्याने करतंय, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. आणि एका सर्व्हरवरच्या सगळ्या कंटेनरांखाली कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, एकच असतो, हे दर वेळी फळ्यावर काढून दाखवायचं! परवा विंडोजवरचं बिलिंग लिनक्स कंटेनरात बसवून मागितलं. खाली कर्नल लिनक्सचा, तर ते चालणार कसं? तीन तास याच्यातच गेले. डोकं उठलंय नुसतं.