ताईची गोळी बंद करायला निघालेला मेसेज

‘एमएस हा फक्त हातापायांचा आजार. डोकं शाबूत असतं. विसरायला होतं ते गोळ्यांमुळे, त्या बंद करा.’ असा लांबलचक मेसेज महिनाभर फिरतोय. काल तो ताईपर्यंत पोचला. तिला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, होऊन नऊ वर्षं झाली. रात्री फोन करून विचारते, ‘‘अरे, थोडे दिवस औषध थांबवून बघू का?’’ म्हणून लिहायला बसलो.

आधी गोळ्यांचंच. या आजारात प्रतिकारशक्ती हल्ला चढवते ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंच्या आवरणावर. हात-पाय लुळे पडतात तेही तिथल्याच बिघाडामुळे. मग स्मरणशक्ती तेवढी सुटेल कशी? रुग्णांची स्मृती क्षीण होते आणि विचार मंदावतो, हे शार्को या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच नोंदवलंय. १९९१ साली स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएसचे १०० रुग्ण आणि १०० निरोगी माणसं यांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या. चार किंवा जास्त निकषांवर कमी पडले रुग्णांपैकी ४८ आणि निरोगी माणसांपैकी ५. याचा औषधांशी संबंध सापडला नाही, आजाराला किती वर्षं झाली याच्याशीही नाही. शारीरिक अपंगत्वाशी होता, तोही जेमतेम. आता तारीख बघा: एमएसला आवर घालणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मंजूर झालं १९९३ साली. जे औषध अजून आलंच नव्हतं, त्याने त्या ४८ जणांना विसरायला लावलं का?

एवढं मात्र मान्य करावं लागेल की स्नायूंचा ताठरपणा किंवा लघवीचा त्रास कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते, डोकं जड होतं. ते डॉक्टरांना सांगा, डोस बदलून घ्या. पण ती औषधं वेगळी आणि आजार रोखणारी वेगळी. आजार रोखणारं फिंगोलिमॉडसारखं औषध अचानक सोडलं तर काही जणांचा आजार आधीपेक्षा जोरात उसळतो. मेसेज लिहिणाऱ्याला याची कल्पना तरी आहे का?

‘लक्ष दिलं की सगळं आठवतं’ हे मेसेजमधलं वाक्य ताईला सगळ्यात जास्त लागलं. मी तिला ओटीपी टाकताना पाहिलंय. सहा आकडे वाचते, पुटपुटते, स्क्रीन बदलते, तोवर शेवटचे तीन गेलेले. शेजारी कुणी बोलत असेल तर सहाही. लक्ष ती आपल्या दुप्पट देते. एमएसमध्ये बहुधा मार बसतो तो माहिती हाताळण्याच्या वेगावर आणि नवं काही मनात पक्कं करण्यावर. भाषा, समज बहुतेकांची टिकून असते, म्हणून समोरच्याला वाटतं, ही तर छान बोलतेय, बहाणे करतेय.

मेसेज औषधाऐवजी जिन्कोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या आणि शब्दकोडी सुचवतो. जिन्को? एमएसच्या रुग्णांवर रीतसर चाचणी झालीये, उपयोग दिसला नाही. शब्दकोडी खुशाल सोडवा, औषधाच्या जागी नकोत. थकवा, नैराश्य, अपुरी झोप यांनी विसरणं वाढतं, मेसेजातली ही एक ओळ बरोबर आहे. पण भर पडणं वेगळं, मूळ कारण वेगळं.

माहिती हाताळण्याचा वेग तपासायला चिन्हांना आकडे जुळवायची ९० सेकंदांची एक साधी चाचणी असते. ती किंवा तशीच एखादी दरवर्षी करावी, अशी तज्ज्ञांची शिफारस २०१८ पासून आहे. नऊ वर्षांत ताईची एकदाही झालेली नाही. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला मी सोबत जातोय, ही चाचणी मागून घेणार आहे. गोळी चालू आहे.