वीस ग्रॅम चॉकलेट, पाऊण तास पाणी

घडलेलंच अजून वाचून संपलेलं नाही, तर न घडलेलं कशाला वाचायचं, हा माझा साधा हिशेब. त्यामुळे कादंबऱ्या वर्ज्य. मागे संदर्भसूची नसेल तर मी पुस्तक हातात धरत नाही. लग्नपत्रिकासुद्धा मुहूर्ताची मिनिटं तपासूनच बाजूला ठेवतो.

भाची सुट्टीत आली होती, ती जाताना जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' विसरून गेली. ब्लू स्टार, भोपाळ, लोकसभेची निवडणूक... त्या वर्षाचा कुणीतरी नीट आढावा घेतलाय असं समजून मी ते उघडलं. पहिल्याच वाक्यात घड्याळात तेराचे ठोके पडले. समासात पेन्सिलीने लिहिलं, 'मुद्रणदोष?' मग प्रकाशनवर्ष पाहिलं. १९४९! आढावा ३५ वर्षं आधीच छापून तयार.

मिटणारच होतो, तेवढ्यात तळटीप दिसली. कादंबरीला तळटीप! म्हणे, परिशिष्ट पाहा. मागे उघडलं तर खरंच परिशिष्ट, तेही भाषेच्या व्याकरणावर. मला गहिवरून आलं. माणूस आपल्यातला निघाला.

त्यातला विन्स्टन सरकारी खात्यात जुनी वर्तमानपत्रं 'दुरुस्त' करतो. सरकारचं भाकीत चुकलं की जुन्या अंकातलं भाकीतच बदलायचं, मूळ कागद भिंतीतल्या भोकातून थेट भट्टीत. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं आणि दुसऱ्याच दिवशी ते २० पर्यंत 'वाढवल्याबद्दल' लोक मिरवणुका काढून आभार मानतात.

"असं कुठे असतं का?" मी मोठ्यांदा म्हणालो.

"आधी बादल्या भरा," स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "पाणी जाईल."

बादली नळाखाली सरकवताना डोक्यात लख्ख उजेड पडला. कालच सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली होती: 'आनंदाची बातमी! सोमवारपासून पाणी तब्बल पाऊण तास.' खाली अंगठे, जोडलेले हात, कुणीतरी तर केकही टाकलेला. मी लिफ्टशेजारच्या फलकाकडे धावलो. 'पाणी एक तास' ही जुनी सूचना गायब, चार टाचण्या तेवढ्या शिल्लक. तळमजल्यावरच्या आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "पूर्वी अर्धाच तास यायचं की हो!"

पण माझ्याकडे वही आहे. पाणी कधी आलं, कधी गेलं, सगळं रोजच्या रोज. विन्स्टनचा पहिला गुन्हाही वहीच. घरात पाळत ठेवणाऱ्या सरकारी पडद्याच्या नजरेआड, कोनाड्यात बसून तो लिहितो. आमच्याकडे कोनाडा नाही, म्हणून मी फ्रिजच्या आडोशाला बसून तपासलं. एक तास, एक तास, एक तास. त्या रात्री कादंबरी उचलून अहवालांच्या फळीवर ठेवली.

रविवारच्या सभेत वही घेऊन उभा राहिलो. सेक्रेटरी भारावून म्हणाले, "काका, केवढं बारीक लक्ष तुमचं! द्या इकडे, सोसायटीच्या दप्तरात जपून ठेवतो." टाळ्या पडल्या. मी वही दिली.

घरी येऊन भाचीला फोन लावला. "अगं, त्या विन्स्टनच्या वहीचं पुढे काय होतं?"

"मामा, तू शेवटपर्यंत वाचलं नाहीस?"

"शेवटच वाचलाय. परिशिष्ट दोनदा झालं. मधली पानं तेवढी राहिलीत."