उपक्रम कसा राबवावा (आणि मुलांना मधे कसं येऊ देऊ नये)

नव्या गुरुजींनो, नव्या बाईंनो, आधी अभिनंदन. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात. तीन वर्षं, महिना १६,००० रुपये मानधन, दोन शिक्षकी शाळा, वर्ग चार. डी.एड.ला तुम्हाला सांगितलं असेल की मूल केंद्रस्थानी असतं. असतं की. फोटोच्या केंद्रस्थानी. मागे बॅनर, बाजूला तुम्ही, आणि मधे हातात पुठ्ठ्याचं काहीतरी धरलेलं मूल.

पहिली गोष्ट अशी, की शिकवणं आणि उपक्रम यांत गल्लत करू नका. शिकवण्याचा पुरावा उरत नाही. पहिलीतल्या एका मुलीला ‘घर’ आणि ‘घार’ यांतला काना उमगायला चार दिवस लागले, तर त्या चार दिवसांचा फोटो कसला काढणार? ती पुस्तकावर बोट ठेवून ओठ हलवत बसलेली असते. फोटोत झोपल्यासारखी दिसेल, वर नाकाला शेंबूड. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर हे टाकून कुणाचं भलं झालंय? त्यापेक्षा तिला कागदाचा मुकुट घाला, त्यावर ‘घ’ लिहा आणि उन्हात उभी करा. ‘अक्षरांची दिंडी’. झाला उपक्रम. नावात दिंडी, वारी, जत्रा, महोत्सव यांपैकी एक शब्द हवाच, नाहीतर तो नुसता तास वाटतो.

थोडा इतिहासही माहीत असू द्या. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान आपणच रचतं हा विचार, खरोखर वर्गात उतरवून दाखवला. मुलं फरशीवर आखलेल्या तक्त्यांवर गटागटाने बसून आपली आपण शिकत होती. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचा शासन निर्णय आला आणि त्या सुमारास राज्यभरातून शिक्षक गाड्या करकरून तिथे बघायला गेले. पुष्कळांनी येताना मनापासून काही आणलं, त्यांचं सोडा. उरलेल्यांनी ऑइलपेंटचा नंबर आणला. मग गावोगाव लोकवर्गणी निघाली आणि फरश्या रंगल्या. रंग ओला होता तोवर मुलांना व्हरांड्यात बसवलं, आणि वाळल्यावर खराब होऊ नये म्हणून त्यावर सतरंजी अंथरली. अधिकारी आले की सतरंजी गुंडाळायची. तुमच्या शाळेतही ती गुंडाळी कोपऱ्यात उभी असेल, जपा.

साहित्याचंही असंच. कपाटात अंककार्डं, शब्दपट्ट्या, दशक-सुट्याचे गठ्ठे आणि शंभर मण्यांची माळ असते. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी. फार गुणी वस्तू आहे. पोराच्या हातात दिली तर दहा-दहाचे टप्पे बोटांनाच कळू लागतात, आणि तिथेच धोका आहे. हातात दिली की मळते, तुटते, मणी घरंगळून कपाटाखाली जातात. त्यामुळे माळ खिळ्याला टांगावी आणि खाली पट्टी लावावी, ‘चला मोजूया’.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? कायद्याचा आधार आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. याचा साधा अर्थ असा, की तुम्हाला दिलेलं बाकीचं प्रत्येक काम शैक्षणिक असतं. शौचालयाच्या दाराचा फोटो, शैक्षणिक. परसबागेतल्या वांग्यांची संख्या, शैक्षणिक. खिचडीच्या तांदळाचा पोरामागे १०० ग्रॅमप्रमाणे हिशेब, हे तर चक्क गणित, फक्त ते तुम्ही करायचं. ‘अतितात्काळ, आज दुपारी दोनपर्यंत’ असा निरोप पावणेदोनला आला की वर्गाला शुद्धलेखनाची दहा पानं द्यावीत आणि मोबाइलला रेंज मिळते त्या चिंचेखाली जावं. माहिती नसेल तरी निरंक, म्हणजे ‘काही नाही’ असं, कळवावं. निरंक न कळवल्यास खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा निरंक चालत नाही.

मूल्यमापनाला घाबरू नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आहे. आकारिक, म्हणजे शिकता-शिकता करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं आहेत आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद ठेवायची असते. म्हणजे मूल रोज काय करतं ते बघून आपल्या शब्दांत लिहायचं. कल्पना सुंदर आहे, म्हणूनच नोंदींची तयार पुस्तिका बाजारात मिळते. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘परिसर स्वच्छ ठेवतो.’ मुलींसाठी ‘तो’चं ‘ते’ करायला तेवढं विसरू नका. मी एका सत्रात विसरलो आणि माझ्या वर्गातल्या साऱ्या मुली प्रार्थनेच्या वेळी शिस्तीत उभा राहतो.

अधिकाऱ्यांच्या भेटीचा दिवस ही मात्र खरी परीक्षा, तेव्हा जरा तपशिलात सांगतो. तक्ते आदल्या संध्याकाळी लावावेत, कारण रात्री उंदीर असतात. हुशार पोरं पुढे. जी पोरं प्रश्न विचारतात ती पाणी आणायला. उत्तरं सामुदायिक घ्यावीत. चाळीस आवाजांत कुणाचं चुकलं ते कळत नाही.

हे सगळं करूनही माझी एक फजिती झाली, ती तुमची होऊ नये. साहेब आले, सतरंजी गुंडाळली, रंगीत फरशी बघून खूश झाले. मग माळेकडे बोट करून म्हणाले, “किती मणी रे?” वर्ग एका सुरात ओरडला, “शंभऽऽर!” गेली दोन वर्षं बसवलेलं होतं ते. साहेब माळ खाली काढून मागच्या रांगेतल्या एका पोरापुढे धरत म्हणाले, “तू सांग.” हा पोरगा सहसा बोलत नाही, आईबरोबर ऊसतोडीला जातो आणि चार-पाच महिने पटावर नुसतं नाव असतो. त्याने माळ हातात घेतली. लाल गठ्ठ्यावरून अंगठा फिरवला, मग पांढऱ्यावरून. ओठ हलत होते. साहेबांनी घड्याळ बघितलं. शेवटच्या पांढऱ्या गठ्ठ्याशी पोरगा थांबला, एकेक मणी पुन्हा सरकवला आणि म्हणाला, “नव्वद आन् सात.”

वर्ग हसला. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ छापलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने त्यावर विनोद केले होते. आमचा वर्ग तर लहान मुलांचा. “सत्त्याण्णव म्हणावं,” साहेबांनी दुरुस्त केलं, “आणि शंभर असतात बाळा. लिहिलंय ना पाकिटावर.” पोराने माळेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत होतो.

शेरेबहीत नोंद आली: ‘वर्गसजावट उत्तम. संख्याज्ञानात एक विद्यार्थी अप्रगत, उपचारात्मक अध्यापन करावे.’

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी दार लावून माळ मोजली. मग कपाट जरा पुढे ओढलं. दोन मणी सापडले. तिसऱ्याचा अहवाल अजून निरंक आहे.