सतरा दिवसांचा सम्राट आणि त्याचं स्वस्त नाणं

नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. कुणीतरी तो नव्याने टाकतं, खाली अंगठ्यांची रांग लागते आणि संध्याकाळी माझ्या भाच्याचा फोन येतो, "मामा, हे बघितलंस का? आपण घ्यायचं का एखादं?" या वेळी म्हटलं, एकदाच नीट लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

मजकुराचा गोषवारा असा. रोमन सम्राट जितके कमी दिवस टिकला, तितकं त्याचं नाणं दुर्मिळ. दिवस कमी म्हणजे टाकसाळीला वेळ कमी आणि वेळ कमी म्हणजे नाणी कमी. जी थोडी पाडली गेली, तीही पुढच्या सम्राटाने वितळवली. म्हणून मारियस (३ दिवस), क्विंटिलस (१७ दिवस), पर्टिनॅक्स (८७ दिवस) अशांची नाणी म्हणजे घबाड. या माणसांचा खरा चेहरा फक्त नाण्यावरच उरला आहे. भारतातही ही नाणी जमिनीत सापडतात. मिळेल त्या भावाला घेऊन ठेवा, भाव उतरणं शक्यच नाही.

यातलं पर्टिनॅक्सच्या ८७ दिवसांचं तेवढं पूर्ण बरोबर आहे, बाकीचं फार तर अर्धंमुर्धं.

आता गणित. रोमच्या इतिहासात तीन महिन्यांच्या आसपास टिकलेले बरेच जण आहेत. त्यातले तीन घेऊ. पर्टिनॅक्स इ. स. १९३ मध्ये १ जानेवारीला गादीवर आला आणि २८ मार्चला त्याच्याच रक्षकदलाने त्याला मारला. एमिलियन २५३ च्या उन्हाळ्यात सम्राट झाला आणि साधारण तीन महिन्यांत स्वतःच्या सैनिकांकडून मारला गेला. फ्लोरियन २७६ मध्ये आला, त्याचीही मुदत तीन महिन्यांच्या आतबाहेरच. मजकुराचं गणित खरं असतं तर तिघांच्या नाण्यांचे भाव एका ओळीत हवेत. प्रत्यक्षात एका बऱ्या पर्टिनॅक्सच्या पैशात साधारण तशाच स्थितीतले आठ-दहा फ्लोरियन सहज येतात. एमिलियन या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

दिवस तेवढेच, मग फरक कुठून आला? फरक आहे हाताशी किती टाकसाळी होत्या, कोणता धातू वापरला आणि पुढे ती नाणी कुठे गेली याचा. पर्टिनॅक्सच्या वेळी चांदीचं काम मुख्यतः एकट्या रोमच्या टाकसाळीत चालायचं. शिवाय या गृहस्थाने डेनारियसमधल्या, म्हणजे रोमच्या चांदीच्या नाण्यातल्या, चांदीचा कस वाढवला. कस वाढवलेलं नाणं ही संग्राहकाच्या दृष्टीने वाईट बातमी असते, कारण पुढच्या शंभर वर्षांत नाणं हिणकस होत गेलं की जुनं चोख नाणं आधी मुशीत जातं. फ्लोरियनपर्यंत चित्र पालटलेलं होतं. त्याच्यासाठी आजच्या फ्रान्समधल्या ल्योंपासून तुर्कस्तानातल्या सिझिकसपर्यंत, मध्ये रोम, पाविया, क्रोएशियातलं सिसाक, बल्गेरियातलं सोफिया अशा टाकसाळी एकाच वेळी धडधडत होत्या. नाणं तांब्याचं, वर चांदीचा मुलामा. असली नाणी कुणी वितळवत बसत नाही, मडक्यात भरून पुरून ठेवतात. अँटिओकची टाकसाळ मात्र फ्लोरियनच्या वाट्याला आली नाही, कारण पूर्वेकडच्या सैन्याने प्रोबसला सम्राट केलं होतं. म्हणजे कोणत्या टाकसाळीने कुणाच्या चेहऱ्याचं नाणं पाडलं, यावरून साम्राज्याचा नकाशा काढता येतो. दिवस मोजून तो निघत नाही.

आणि घाईचं म्हणाल तर नवा सम्राट पहिल्या दिवशी करतो काय? सैनिकांना बक्षिसी वाटतो. टिकायचं असेल तर वाटावीच लागते. पर्टिनॅक्सच्या खुनानंतर रक्षकदलाने गादीचा अक्षरशः लिलाव पुकारला. छावणीच्या आत पर्टिनॅक्सचा सासरा बोली लावतोय आणि भिंतीबाहेर डिडियस जुलियानस. दर सैनिकामागे २० हजार सेस्टर्सपर्यंत (सेस्टर्स म्हणजे रोमचं पितळी नाणं) बोली चढली, तेव्हा जुलियानसने एका दमात पाच हजार वाढवले, ओरडून आणि हाताची बोटं दाखवून. हे त्या काळी रोममध्येच असलेल्या कॅशियस डियो या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. असा माणूस टाकसाळीला सुट्टी देईल का? त्याचे ६६ दिवस म्हणजे टाकसाळीची दिवाळी असणार. आणि तरीही जुलियानसचं नाणं आज महाग आहे! म्हणजे इथे मजकुराचं उत्तर बरोबर निघालं, पण परीक्षेत चुकून बरोबर येतं तसं.

उलटी बाजूही बघा. गाल्बा सात महिने टिकला, कॅलिगुला जवळपास चार वर्षं, क्लॉडियस तेरा. डेनारियस शोधायला निघालात तर गाल्बाचा आधी सापडेल. कॅलिगुला आणि क्लॉडियसच्या चांदीसाठी जास्त थांबावं लागतं आणि खिसाही जास्त मोकळा करावा लागतो.

ओथोची गोष्ट वेगळी. इ. स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर. त्याचा डेनारियस महाग आहे, कारण स्युटोनियसने ज्या बारा सीझरांची चरित्रं लिहिली, त्यांचा संच पूर्ण करायचा ध्यास जगभरच्या संग्राहकांना असतो आणि त्या संचात ओथो येतो. त्याच्याहून कमी नाणी उरलेले कितीतरी सम्राट आहेत, पण त्यांना कुणी विचारत नाही. ओथोने रोमच्या टाकसाळीत सोनं-चांदी पाडली, पितळ-तांबं नाही. तेवढ्यावरून सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या पादुआच्या कॅव्हिनो या कारागिराने ओथोचं मोठं पितळी नाणं स्वतःच घडवलं, कारण गिऱ्हाईक तयार होतं. आज त्या कॅव्हिनोच्या नाण्यांचेही वेगळे संग्राहक आहेत, हा आणखी एक नाद.

आता त्या १७ आणि ३ दिवसांकडे येऊ, कारण मजकुरातली मला सर्वात खटकणारी गोष्ट तीच. हे आकडे दगडावरची रेघ असल्यासारखे सांगितले जातात. क्विंटिलसचे १७ दिवस युट्रोपियस हा रोमन इतिहासकार सांगतो, तोही शंभर वर्षांनंतर. इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात त्याच क्विंटिलसला ७७ दिवस दिलेत.

माझ्या डबीत एक क्विंटिलस आहे. आपल्या जुन्या रुपयापेक्षा लहान, कडेला चीर गेलेला, रंग जळक्या तांब्याचा. त्यात चांदी शेकडा पाच भागही नसेल. डोक्यावर सूर्यकिरणांचा काटेरी मुकुट, दाढी आखूड, आणि नावातलं शेवटचं अक्षर नाण्याबाहेर गेलेलं, कारण कारागिराने धातूचा गोळा साच्यावर मध्यभागी ठेवलाच नाही. घाईचं काम. पण अशा घाईच्या कामाचे ढीग सापडतात. रोम, मिलान, सिसाक, सिझिकस, चार ठिकाणांहून. क्विंटिलसला सम्राट केलं इटलीच्या उत्तर टोकाला, अक्विलेयात. तिथून बातमी मार्मारा समुद्राकाठी सिझिकसला पोहोचायची, साचे कोरायचे, नाणी पाडायची. मेल्याची बातमी यायला उशीर झाला म्हणून थोडी नाणी नंतरही पडली असतील, कबूल. पण रोमच्या टाकसाळीने त्याच्यासाठी मागच्या बाजूला इतक्या वेगवेगळ्या देवता कोरल्या आहेत की ते सगळं १७ दिवसांत उरकलं म्हणणं म्हणजे कमाल झाली. इथे नाणंच ग्रंथाला खोटं पाडतंय, आणि मजकूर मात्र त्या ग्रंथाचा आकडा घेऊन नाण्याचा भाव ठरवतोय.

मारियसचं तर विचारूच नका. हा गॉलमधला, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूचा, फुटीर सम्राट, साल २६९. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ हा सम्राटांच्या चरित्रांचा जुना लॅटिन ग्रंथ म्हणतो, पहिल्या दिवशी सम्राट झाला, दुसऱ्या दिवशी राज्य केलं, तिसऱ्या दिवशी मारला गेला. पूर्वाश्रमीचा लोहार, आणि मारेकऱ्याने वापरलेली तलवार त्यानेच घडवलेली. गोष्ट झकास आहे. पण तो ग्रंथ बनावट पत्रं आणि कल्पित माणसं घुसवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि मारियसची नाणी दोन टाकसाळींची मिळतात, तीही बऱ्यापैकी. अभ्यासक त्याला दोन-तीन महिने तरी देतात. त्याच वर्षी बंड करणाऱ्या लेलियानसचं नाणं मारियसपेक्षा दुर्मिळ आहे. पण त्याच्या नावावर लोहाराची गोष्ट नाही, म्हणून तो मजकुरात नाही.

पुढच्या सम्राटाने नाणी वितळवली, हे थोडं खरं आहे. कॅलिगुलाच्या खुनानंतर सिनेटने त्याची तांब्या-पितळेची नाणी वितळवायचा हुकूम काढल्याचं डियो सांगतो. गंमत अशी की त्याचं वेस्टा देवीचं तांब्याचं नाणं आज सहज मिळतं आणि ज्याबद्दल हुकूम नव्हता ती चांदी मिळत नाही. सेव्हेरस घराण्यातल्या कॅराकाला या सम्राटाने सख्ख्या भावाला, गेटाला, २११ मध्ये आईच्या कुशीत मारलं, रोमच्या कमानीवरून त्याचं नाव छिन्नीने काढलं. पूर्वेकडच्या काही शहरी नाण्यांवर गेटाचा चेहरा खरवडलेला दिसतो. पण त्याचा डेनारियस? त्या घराण्यातल्या स्वस्त नाण्यांत बसेल असा. लोकांच्या गाठोड्यातली नाणी परत गोळा करणं कुठल्याही सरकारला जड जातं, हे आपल्याला २०१६ नंतर वेगळं सांगायला नको.

‘खरा चेहरा’ हे अर्धसत्य आहे. ओथो केसांचा टोप घालायचा असं स्युटोनियस म्हणतो आणि नाण्यावर त्याचे केस खरंच पायऱ्या-पायऱ्यांचे, शिंप्याने चुण्या घातल्यासारखे दिसतात. तिथे कारागिराने माणूस पाहिला होता. पण मॅक्रिनस २१७ मध्ये सीरियाकडे सम्राट झाला आणि सम्राट म्हणून रोमला आलाच नाही. रोमच्या टाकसाळीने आधी त्याला आखूड दाढी दिली, मग लांब. पहिल्या नाण्यांवरचा माणूस बऱ्याच अंशी अंदाजाने काढलेला.

चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा तर मागच्या बाजूवरही ठेवा. २३८ मध्ये सिनेटने बाल्बिनस आणि प्युपिएनस यांना जोडीने सम्राट केलं. दोघांचं पटेना. एकमेकांवर इतका अविश्वास की रक्षकदल महालात घुसलं तेव्हा प्युपिएनसने जर्मन पहारेकरी बोलवायचं म्हटलं, तर बाल्बिनसला तो आपल्याविरुद्धचा डाव वाटला. त्या घोळात दोघेही मेले. ९९ दिवसांचा संसार. आणि नाण्यांवर काय? हातात हात गुंफलेले आणि लॅटिनमध्ये ‘परस्पर प्रेम’, ‘परस्पर निष्ठा’. जागावाटपाच्या पत्रकार परिषदेतला फोटोच तो.

आता पैशाचं. भाव उतरणं शक्य नाही म्हणणाऱ्याने इंग्लंडमधल्या मडक्यांकडे बघावं. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमला एका रांजणात ५२,५०३ नाणी निघाली, बहुतेक याच तिसऱ्या शतकातली. १९७८ मध्ये विल्टशरमध्ये क्युनेशिओला सुमारे ५५ हजार. आज दुर्मिळ म्हणून घेतलेल्या नाण्याचे दोनशे भाऊ उद्या कुणाच्या शेतात निघतील, सांगता येत नाही. कधी उलटही होतं. २००३ मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या चालग्रोव्हच्या मडक्यात सुमारे पाच हजार नाणी चिकटून गोळा झालेली होती. ती सुटी करताना एकावर डोमिशियानस हे नाव निघालं, २७१ च्या सुमाराचा गॉलमधला सम्राट. त्याचं एक नाणं १९०० मध्ये फ्रान्समध्ये सापडलं होतं, पण बरेच जण ते बनावट धरून चालले होते. दुसरं मिळालं तेव्हा पहिल्याची अब्रू वाचली. खरी दुर्मिळता ही अशी असते. आणि ती विकत घेता येत नाही, संग्रहालयात जाऊन बघावी लागते.

भारतातल्या नाण्यांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे, मुख्यतः दक्षिणेत, रोमन नाणी सापडतात हे खरं. आपला ‘दीनार’ हा शब्दही डेनारियसवरूनच आला. पण त्या चांदीत भरणा आहे ऑगस्टस आणि टायबेरियसचा. दोघेही दीर्घकाळ राज्य केलेले. पुढे नीरोने चांदी कमी केल्यावर व्यापाऱ्यांना जुनीच नाणी हवी असत. तेव्हा "आजोबांच्या पेटीत पर्टिनॅक्स निघाला" असं कुणी सांगितलं तर पेटी कुठून आणली ते आधी विचारा. शेतात खरंच काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर विकायला नेता येत नाही. मजकुरात यातलं अक्षर नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका नाणेप्रदर्शनात एका गृहस्थांनी मोठ्या कौतुकाने पाकिटातून दोन डिडियस जुलियानस काढले. वेगवेगळ्या दोघांकडून घेतलेले, वेगवेगळ्या महिन्यांत. मजकूर वाचूनच घेतले होते, किंमत मी इथे सांगत नाही. भिंग मागितलं. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, काठावर एक बारीक शिवण कानशीने घासून बुजवलेली. हे सगळं एका नाण्यावर असतं तर वाद घालता आला असता. पण दोन्ही नाण्यांवर, सम्राटाच्या कानामागे, त्याच जागी, त्याच आकाराचा खवला उडालेला होता. ठोकून पाडलेल्या दोन नाण्यांना एकसारखी जखम होत नाही, एकाच साच्यातून ओतलेल्या नकलांना होते. गृहस्थांनी दोन्ही नाणी हातात घेतली, एकदा हे, एकदा ते असं पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे एक तरी खरं असेल ना?"