प्रतिस्पर्ध्याची बोली कळते, हा समज

सर्च जाहिरातींविषयीचा, म्हणजे शोधनिकालांसोबत दिसणाऱ्या आणि लिलावातून जागा मिळणाऱ्या जाहिरातींविषयीचा, एक सल्ला गेली कित्येक वर्षे प्रशिक्षणवर्गांतून, व्हिडिओंतून आणि व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचा आशय असा: प्रतिस्पर्धी कोणत्या कीवर्डवर (ज्या शोधशब्दांवर जाहिरात दाखवायची त्यांवर) किती बोली लावतो, म्हणजे एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती मोजायला तयार असतो, ते एखाद्या साधनातून काढावे; आपली बोली त्याहून किंचित वर ठेवली की आपली जाहिरात त्याच्या वर जाते; जो सतत वर दिसतो तो नफ्यातच असणार, तेव्हा त्याचे कीवर्ड बिनदिक्कत उचलावेत; आणि जमल्यास बोली चढवत नेऊन त्याचे बजेट दुपारपर्यंत संपवावे. या चारपैकी तिसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे, चौथ्यात त्याहून कमी आहे आणि पहिली दोन सरळसरळ चुकीची आहेत.

मात्र हा सल्ला हवेतून आलेला नाही. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने पैसे मोजून शोधनिकालात वरचा क्रम मिळवण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा प्रत्येक जाहिरातदाराची बोली सर्वांना उघड दिसत असे आणि जाहिराती बोलीच्या उतरत्या क्रमानेच लागत. हीच कंपनी २००१ मध्ये ओव्हर्चर झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. तेथे एक सेंट वाढवला की खरोखरच एक पायरी वर जाता येई. दोन जाहिरातदार एकमेकांवर एकेक सेंट चढवत जात, एकाला परवडेनासे झाले की तो एकदम खाली येई, दुसराही मागोमाग उतरे आणि चढाओढ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्या काळातील बोलींचे आलेख करवतीच्या दात्यांसारखे दिसतात ते यामुळेच. गुगलने फेब्रुवारी २००२ मध्ये क्लिकमागे पैसे घेणारी पद्धत आणली, ती बोली झाकून आणि क्रम ठरवताना क्लिकचे प्रमाणही हिशेबात धरून. याहूनेही २००७ मध्ये पनामा नावाची नवी यंत्रणा आणून तोच मार्ग धरला. उघड बोलींचा काळ तेथे संपला, सल्ला मात्र चालूच राहिला.

पहिले विधान साधनांविषयीचे आहे. सेमरश किंवा स्पायफू यांसारख्या साधनांत एखाद्या संकेतस्थळापुढे कीवर्डची यादी, क्लिकचा दर (एका क्लिकमागची किंमत) आणि महिन्याचा अंदाजे खर्च असे आकडे दिसतात आणि ते पाहणाऱ्याला वाटते की समोरच्याचे खातेच उघडले. प्रत्यक्षात ही साधने शोधनिकालांची पाने वेळोवेळी तपासतात, कोणाची जाहिरात कोठे दिसली याची नोंद ठेवतात आणि तिला त्या कीवर्डच्या सरासरी क्लिक-दराची व अंदाजे रहदारीची जोड देतात. कोणाची जाहिरात आहे, तिचा मजकूर काय, ती कोणत्या पानावर नेते, इतके त्यातून विश्वासाने कळते, आणि तेही कमी मोलाचे नाही. पण त्या तक्त्यातील दर त्या जाहिरातदाराचा नसतो. गुगलच्या कीवर्ड प्लॅनर या कीवर्ड निवडण्याच्या साधनातील पानाच्या वरच्या भागासाठीच्या बोलीचे ‘लो’ आणि ‘हाय’ हे आकडेही एकूण जाहिरातदारांनी पूर्वी मोजलेल्या रकमांचा पट्टा दाखवतात. त्या पट्ट्यात अमुक एक प्रतिस्पर्धी कोठे आहे, हे त्यावरून सांगता येत नाही.

यापुढची अडचण अधिक मूलभूत आहे. आज पुष्कळ खात्यांत बोली हाताने लावली जातच नाही. जाहिरातदार ग्राहकामागचा अपेक्षित खर्च किंवा खर्चावरचा अपेक्षित परतावा एवढेच सांगतो आणि प्रत्येक शोधाच्या क्षणी उपकरण, ठिकाण, वेळ, शोधणाऱ्याचा पूर्वेतिहास असे अनेक संकेत पाहून यंत्रणा त्या एका लिलावापुरती बोली ठरवते. म्हणजे ज्याची बोली आपण शोधत आहोत, त्याला स्वतःलाही ती ठाऊक नसते.

आता दुसरे विधान. वादापुरते धरून चालू की प्रतिस्पर्ध्याची बोली पैशापर्यंत अचूक कळली. तरीही किंचित जास्त लावून काम होत नाही, कारण क्रम निव्वळ बोलीवर ठरत नाही. अपेक्षित क्लिक-प्रमाण, शोधाशी जाहिरातीची सुसंगती, लँडिंग पेजचा (जाहिरात ज्या पानावर नेते त्याचा) अनुभव, शोधाचा संदर्भ अशा अनेक बाबी त्यात येतात. प्रत्यक्ष सूत्र याहून गुंतागुंतीचे आहे, पण बोली आणि गुणवत्ता यांचा गुणाकार एवढेच घेतले तरी मुद्दा दिसतो. ‘अ’ची बोली ४ आणि गुणवत्ता ८, गुणाकार ३२. ‘ब’ची बोली ६ आणि गुणवत्ता ४, गुणाकार २४. ‘क’ची बोली ३ आणि गुणवत्ता ५, गुणाकार १५. सर्वांत वर ‘अ’ येतो, तेही ‘ब’पेक्षा कमी बोलीवर. प्रत्येकाला खालच्याला मागे टाकण्यापुरतेच मोजावे लागते, म्हणून ‘अ’ला क्लिकमागे २४ भागिले ८, म्हणजे ३ पडतात, आणि खाली असलेल्या ‘ब’ला १५ भागिले ४, म्हणजे ३.७५.

या ‘ब’ला कोणी सांगितले की ‘अ’ची बोली ४ आहे, तर तो चक्रावेल, त्याची बोली आधीच दीडपट आहे. ‘अ’च्या वर जायचे तर त्याला ८ ओलांडावे लागतील आणि मग क्लिकमागे ८ मोजावेही लागतील. समजा, त्याला १०० क्लिकमागे २ ग्राहक मिळतात आणि प्रत्येक ग्राहकामागे ३०० सुटतात; म्हणजे एका क्लिकचे त्याच्या लेखी मोल ६. दुसऱ्या जागेवर क्लिकमागे २.२५ हाती राहत होते, पहिल्या जागेवर २ पदरचे जातात. शिवाय पहिल्या जागेवर क्लिक वाढतात, म्हणजे तोटाही तितक्याच वेगाने वाढतो. प्रतिस्पर्ध्याचा आकडा कळल्याने त्याचे काय भले झाले?

आणि लिलावाचे नियमही स्थिर नसतात. अमेरिकेतील गुगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेल्या निकालात, गुगल किमतीवर परिणाम करणारे बदल लिलावात कसे करत आले याची तपशीलवार चर्चा आहे. गुणांकनात जवळजवळ असलेल्या जाहिरातींचा क्रम काही वेळा मुद्दाम उलटवण्याची पद्धतही त्यात येते. वरचा हिशेब म्हणूनच दिशा समजण्यापुरता घ्यावा.

तिसऱ्या विधानात तथ्य एवढेच की वर्षानुवर्षे एकाच शोधावर, त्याच प्रकारच्या मजकुराने पैसे घालणारा जाहिरातदार बहुधा अगदी डोळे मिटून घालत नसतो. पण त्याचा नफ्याचा वाटा, ग्राहक पुन्हा येण्याचे प्रमाण आणि तोटा सोसण्याची ऐपत आपल्यासारखी असेलच असे नाही. शिवाय एखाद्या शोधावर त्याची जाहिरात दिसली म्हणून तो कीवर्ड त्याने निवडलाच होता, असेही नव्हे. ब्रॉड मॅचमुळे, म्हणजे निवडलेल्या कीवर्डशी संबंधित इतर शोधांवरही जाहिरात दाखवण्याच्या सोयीमुळे, यंत्रणेने त्याला तेथे नेलेले असू शकते, आणि त्या शोधावर त्याचे पैसे वाया जात असल्याचे त्याच्या अजून ध्यानात आलेले नसेल. अशा यादीची नक्कल करणे म्हणजे त्याच्या चुकाही विकत घेणे होय. स्वतः वारंवार शोध घेऊन खात्री करणाऱ्यांनी निदान गुगल ॲड्समधील जाहिरात-पूर्वावलोकनाचे साधन वापरावे, नाहीतर क्लिक न होणारी दर्शने आपल्याच जाहिरातीच्या नावे जमा होतात.

बजेट संपवण्याच्या युक्तीवर फार थांबण्याचे कारण नाही. खालून बोली चढवली तर वरच्याचा दर वाढू शकतो, हे खरे. पण त्याची कमाल मर्यादा कळल्याखेरीज हा खेळ आंधळा आहे, आणि त्याने माघार घेतली तर ती फुगवलेली बोली आपल्याच गळ्यात राहते. त्याच्या जाहिरातींवर क्लिक करत बसणे तर सरळ लबाडी आहे, आणि असे क्लिक ओळखून वगळण्याची व्यवस्था यंत्रणेत असते.

ज्यांना प्रतिस्पर्ध्यांचा खरोखर अभ्यास करायचा आहे, त्यांना गुगल ॲड्समधील ऑक्शन इनसाइट्सचा, म्हणजे त्याच लिलावांत आपल्यासोबत कोण होते हे दाखवणारा, अहवाल अधिक उपयोगी पडेल, मात्र तो नीट वाचला तर. त्यात बोली नसते, उपस्थिती असते. समजा, एका नावापुढे ओव्हरलॅप रेट (आपल्या दर्शनांपैकी किती वेळा त्याचीही जाहिरात दिसली) ४० टक्के आणि पोझिशन अबव्ह रेट (तो किती वेळा आपल्या वर होता) ६० टक्के आहे. केवळ ६० पाहून पुष्कळ जण बोली वाढवायला धावतात. पण हे ६० टक्के, दोन्ही जाहिराती एकत्र दिसल्या त्या वेळांपैकी आहेत. म्हणजे आपल्या एकूण दर्शनांपैकी २४ टक्के वेळाच तो आपल्या वर होता. त्यानंतर आपल्याच मोहिमेत गमावलेल्या इम्प्रेशन शेअरचे (मिळू शकत होती पण मिळाली नाहीत अशा दर्शनांच्या वाट्याचे) दोन स्तंभ उघडावेत: एक बजेट अपुरे पडल्याचा, दुसरा क्रम कमी पडल्याचा. गळती पहिल्या स्तंभात असेल, तर बोली वाढवल्याने तेच बजेट आणखी लवकर संपेल.