चौकटीतली एक खूण

शाळेच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. विषय नेहमीचाच. घुसखोरांना सरकार बाहेर काढतंय, तर कोर्टाची मध्येच लुडबुड कशाला? सदाशिव पेठेतला आमचा मित्र तावातावाने लिहीत होता आणि त्याला धडाधड अंगठे मिळत होते. निम्मे अंगठे आमच्या न्यू जर्सीतले, म्हणजे स्वतःच परकीय असलेल्यांचे!

इथे अमेरिकेत तर कोर्टाने मध्ये पडू नये, ही सोय १९९६ च्या कायद्यातच आहे. ग्रीन कार्ड द्यायचं की नाही हा अधिकाऱ्याचा विवेकाधिकार. त्यावर कोर्टात दाद जवळजवळ नाहीच. जॉर्जियातल्या पटेल नावाच्या गृहस्थांचं प्रकरण बघा. गाडीच्या लायसन्सच्या अर्जावर त्यांनी ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत खूण केली आणि पुढे ग्रीन कार्ड मागताना तीच आडवी आली. चुकून झाली, म्हणाले. नागरिक नसतानाही त्या राज्यात आपल्याला लायसन्स मिळू शकत होतं, मग खोटं कशाला बोलू, हा त्यांचा युक्तिवाद. इमिग्रेशन न्यायाधीशाला तो पटला नाही. (हा ‘न्यायाधीश’ सरकारच्याच न्याय खात्याचा नोकर असतो, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.) पटेल सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २०२२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला: वस्तुस्थिती ठरवण्यात चूक झाली असली, तरी ती आम्ही तपासू शकत नाही. विरोधी निकालपत्र लिहिलं ट्रम्प यांनीच नेमलेल्या गॉर्सच यांनी.

२०२४ च्या डिसेंबरमधला बुआर्फा खटल्याचा निकाल तर एकमताचा. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी या बाईंनी केलेला अर्ज बनावट लग्नाच्या संशयावरून मुळातच फेटाळला असता, तर कोर्टात जाता आलं असतं. आधी मंजूर करून मग रद्द केला, म्हणून नाही. नोकरीवरून मंजूर झालेले आमचे अर्ज रद्द करायचं कलमही तेच.

मित्राच्या बाजूनेही आधार आहे. परकीयांना हाकलण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असं आपल्या भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या प्रकरणात म्हटलंय. प्रत्येक अर्ज कोर्टात न्यावा असं मीही म्हणत नाही. पण खूण चुकून झाली की मुद्दाम, एवढं तरी बाहेरच्या कुणी बघावं की नाही?

रात्री त्याच मित्राचा वेगळा मेसेज आला. लेकीचा अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा वकिलातीच्या खिडकीवरच नाकारला होता, हातात एक छापील कागद. “अपील कुठे करायचं रे?”

“कुठेच नाही,” मी लिहिलं. “परत फी भर, परत अर्ज कर.”

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं.