फिरून आलासा? मग लिहा की!

एक विनंती करायची आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

दिवाळीची सुट्टी असो की मे महिना, आपलं कोल्हापूर काही घरात बसत नाही. कुणी गणपतीपुळ्याला जातं, कुणी गोव्याला, कुणी हंपी-बदामीला. आता तर लडाख आणि व्हिएतनामपर्यंत मजल गेली आहे. परत आल्यावर फोटो येतात. धबधब्यापुढं उभारून काढलेले, समुद्रावरचे, हॉटेलातल्या ताटाचे. खाली आपण सगळे ‘नाद खुळा’, ‘जगात भारी’ म्हणतो आणि आठवड्याभरात विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच की तिथं थांबू नका. जिथं जाऊन आलात त्याबद्दल दोन-चार परिच्छेद का होईना, लिहा. मराठीत लिहा, घरात बोलता तसं लिहा आणि चार लोकांना वाचता येईल असं ठेवा. मी हे बरीच वर्षं करते आहे आणि यातून मला जे मिळालं ते दुसऱ्या कशातून मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते. लिहायचं आहे हे डोक्यात असलं की माणूस विचारायला लागतो. नुसतं बघून पुढं जात नाही.

हिवाळ्यात आपल्याकडं पाहुणे आले की पन्हाळ्याच्या वाटेवर गुऱ्हाळापाशी गाडी थांबतेच. उसाचा रस, गरम गूळ, बाटलीत भरून घेतलेली काकवी, दोन फोटो, की चला. एकदा मात्र लिहायचं म्हणून मी काहिलीजवळ, म्हणजे रस उकळतात त्या मोठ्या कढईजवळ, थांबून राहिले. गूळ करणाऱ्या गुळव्यामामांना विचारलं, “मामा, गूळ झाला हे तुम्हाला कसं कळतं?” ते काही बोलले नाहीत. उकळत्या पाकातला थोडा पाक घेऊन शेजारच्या थंड पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि ती काहिलीच्या काठावर टाकली. आवाज ऐकला आणि मान हलवली. अजून नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच. या वेळी आवाज वेगळा आला. मला तो फरक कळला नाही, त्यांना लगेच कळला. लगोलग माणसं धावली, काहिल उचलली आणि पिवळाधमक पाक थंड करायच्या वाफ्यात ओतला. मग मी विचारत सुटले. खाली चुलवाणात जळतं ते काय? चिपाडच, त्याच उसाचं, रस काढून वाळवलेलं. वरची काळी मळी वर येते कशी? भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, ते घाण धरून वर आणतं. रंग कशानं बदलतो? रान कसं आहे आणि ऊस कुठल्या जातीचा आहे, त्यावर. जवळपास तासभर गेला. पाहुणे कंटाळतील असं वाटलं होतं, पण तेच माझ्यापेक्षा जास्त विचारायला लागले. त्या दिवशी पन्हाळ्याला पोचायला उशीर झाला आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

गुऱ्हाळं आता कमी होत चालली आहेत हे आपण सगळे बघतोय. ऊस कारखान्याला जातो, माणसं मिळत नाहीत. गोळीचा तो आवाज ओळखणारे हात पुढच्या पिढीत किती उरतील? निदान ते कसं चालतं एवढं तरी कुठंतरी मराठीत लिहिलेलं राहिलं पाहिजे. आणि ते कुणी मोठा लेखक येऊन लिहील याची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथं तुम्ही होतात, तुम्हीच लिहा.

घरी आल्यावर लिहायला बसलं की आणखी प्रश्न पडतात. खिद्रापूरचंच घ्या. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात उभं राहिलं की वरचं गोल उघडं छत, खाली तेवढीच गोल शिळा, भोवतीचे खांब, हे सगळं डोळ्यांत भरतं. पण लिहायला घेतलं तेव्हा मनात आलं, शंकराचं देऊळ आणि नंदी कसा नाही? गाभाऱ्यात दोन लिंगं का? मग पुन्हा गेले, गावातल्या जाणत्यांना विचारलं. धोपेश्वर म्हणजे विष्णू आणि कोपेश्वर म्हणजे शंकर. सती माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी इथं नाही. तो कर्नाटकात यडूरला आहे, अशी कथा सांगतात. मग शिलाहार कोण, यादव राजा सिंघणाचा शिलालेख इथं कसा, हे शोधायला वाचनालय गाठलं. आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. एका सहलीनं मला तिथल्या कपाटांपर्यंत नेलं. फोटो काढून परतले असते तर खिद्रापूर माझ्यासाठी एक सुंदर छत एवढंच राहिलं असतं.

दुसरं कारण साधं आहे, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. आपलं लिहिलेलं कुणाच्या तरी कामाला येतं. माझ्या मावशीचे गुडघे दुखतात. तिला जोतिबाला जायचं होतं आणि तिचा एकच प्रश्न होता, पायऱ्या किती चढ-उताराच्या आहेत, मध्ये टेकायला जागा आहे का? सगळीकडं शोधलं. गुलालात न्हालेला डोंगर दिसला, सासनकाठ्या दिसल्या, ड्रोननं काढलेली देखणी चित्रं दिसली. टेकायला जागा आहे का हे कुणीच सांगत नव्हतं. शेवटी शेजारच्या वहिनी आपल्या सासूबाईंना घेऊन जाऊन आल्या होत्या, त्यांनी सांगितलं आणि मावशीचं दर्शन झालं. वहिनींनी तेवढं लिहून ठेवलं असतं तर अशा किती मावश्यांची सोय झाली असती!

बायकांनी तर लिहायलाच हवं. स्टँडवरचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं आहे का, शेवटची एसटी किती वाजता सुटते, त्या फाट्यावर संध्याकाळी उजेड असतो का, एकटीनं जेवायला बसावं असं ठिकाण कुठलं. जाहिरातीत हे येत नाही. पैसे घेऊन कौतुक करणारा तर हे कधीच लिहिणार नाही. हे जाऊन आलेली बाईच सांगू शकते. वाईट अनुभव असेल तर वाईट लिहा, मात्र तारीख घाला. वर्षभरानं वाचणाऱ्याला कळू दे की हे तेव्हाचं आहे.

तारखेवरून आठवलं. वाटा बदलतात, आणि फार लवकर बदलतात. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला, तेव्हा गगनबावड्याहून तळकोकणात उतरणाऱ्यांचा सगळा हिशेबच बदलला. जुन्या लोकांना विचारा, १९७१ मध्ये इथं रुंद रुळांची ब्रॉडगेज येईपर्यंत पुण्याला जायचं म्हणजे अरुंद रुळांची मीटरगेजची गाडी होती. त्या प्रवासात कुठल्या स्टेशनवर काय खायला मिळायचं, डब्यात कसे दिवस-रात्र काढायचे, हे माझ्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होतं. लिहिलं कुणीच नाही. ती माणसं एकेक करून चालली आहेत आणि ती गाडी त्यांच्याबरोबर चालली आहे.

आणि वहीत लिहून कपाटात ठेवलं, एवढ्यानंही भागत नाही. ऑगस्ट २०१९ आठवा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कितीतरी दिवस बंद होता. पंचगंगा घराघरांत शिरली होती. पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीच्या एका घरी गेलो, तर आजोबांच्या काशीयात्रेची वही अंगणात वाळत घातली होती. शाईची पानं एकमेकांना चिकटलेली. आजी एकेक पान सोडवायला बघत होत्या, ते हातात तुकड्यानं येत होतं. आजोबा काशीला काय बघून आले ते आता कुणालाच वाचता येणार नाही. म्हणून म्हणते, असं ठिकाण निवडा जिथं दुसऱ्यांनाही ते मिळेल.

आपल्या गावात या गोष्टीला केवढा मोठा दाखला आहे हे फार जणांना माहीत नसतं. शाहू महाराजांच्या आधी कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती राजाराम महाराज होते. राजाराम कॉलेजचं नाव त्यांचंच. १८७० मध्ये ते बोटीनं युरोपला गेले. वय अवघं वीस. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच गेले. परक्या मुलखात, कडाक्याच्या दिवसांत, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं १८७४ मध्ये त्यांचं स्मारक झालं. छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलालाही तिथले लोक ‘त्या भारतीयाचा पूल’ म्हणतात. इथवरची गोष्ट काहींनी ऐकली असेल. मला ज्याचं जास्त वाटतं ते पुढं आहे. महाराज त्या प्रवासात रोजनिशी लिहीत होते. आज कुठं गेलो, कुणाला भेटलो, काय पाहिलं. ती रोजनिशी, इंग्रजीत लिहिलेली, कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापून आली. पुतळ्याकडं बघून एक तरुण राजा दिसतो, बस्स. पण कोल्हापूरहून निघालेला वीस वर्षांचा पोरगा लंडनमध्ये कशाकशापुढं थांबला, हे आपल्याला आज कळतं ते त्यानं रोज रात्री चार ओळी लिहिल्या म्हणून. परत येऊन निवांत लिहू असं म्हणून ते थांबले असते तर?

तुम्ही म्हणाल, ते राजे होते. मग गोडसे भटजी घ्या. पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर उत्तरेकडं निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना तहानलेली, धुळीनं भरलेली राणी भेटली. बऱ्याच वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते सगळं लिहून काढलं आणि १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापलं गेलं. सरकारी कागदांत लढाईच्या तारखा आहेत. त्या शहरात अडकलेल्या साध्या माणसाला कसं वाटलं, काय खायला होतं, कुठं लपावं लागलं, हे एका दक्षिणेसाठी निघालेल्या भटजींच्या लिहिण्यातून आपल्यापर्यंत आलं. ते लेखक नव्हते. ‘मला लिहिता येत नाही’ असं जे मला सांगतात त्यांना मी हेच सांगते.

कुणी म्हणतं, आता व्हिडिओ असताना वाचतंय कोण? व्हिडिओ जरूर करा. पण व्हिडिओत तुम्हाला काय वाटलं ते क्वचित येतं, आणि पाच वर्षांनी ‘त्या फाट्यावरून डावीकडं की उजवीकडं’ हे शोधायला कुणी अर्धा तास बघत बसत नाही. शिवाय ज्या आज्जींना मोबाइलवर व्हिडिओचा गोंगाट सहन होत नाही त्या अक्षरं मोठी करून शांतपणे वाचतात. माझ्या वाचकांत अशा कितीतरी आहेत आणि त्यांच्या प्रतिक्रिया सगळ्यात लांब असतात. कुणी लिहितात, ‘आम्ही नृसिंहवाडीला बैलगाडीनं जायचो’, आणि तिथून एक वेगळाच प्रवास सुरू होतो.

सगळंच लिहावं असंही मी म्हणत नाही. घराला कुलूप असताना ‘आम्ही पंधरा दिवस बाहेर’ हे जाहीर करू नये, आल्यावर लिहावं. एखादा आडबाजूचा झरा, मसाईच्या पठारावर फुलं नेमकी कुठं दाट आहेत, दाजीपूरच्या बाजूला गवे कुठल्या पाणवठ्यावर येतात, याचा नकाशा काढून देऊ नये. गर्दी झाली की पहिल्यांदा तीच जागा मरते. तिथं काय वाटलं ते लिहा, पत्ता मनात ठेवा. गावातल्या कुणी घरात घेऊन जेवू घातलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो किंवा नाव टाकू नका. त्यांनी पाहुणचार केला, प्रसिद्धी मागितली नव्हती.

बाकी नियम काही नाही. त्याच रात्री, झोपण्याआधी, मोबाइलवर पाच-सहा ओळी टिपून ठेवा. तिकीट कितीचं होतं, वास कशाचा होता, कंडक्टर काय म्हणाला, पोरगं कशाला हटून बसलं. दुसऱ्या दिवशी यातलं अर्धं विसरलेलं असतं. सुट्टी संपल्यावर त्यावरून सावकाश लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, आपली बोली आली तर येऊ दे. ‘गेलतो’ लिहिलंत तरी आम्हाला कळतंय.

आता जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला शेकडो पोरं-पोरी निघतील. १६६० च्या त्या रात्री शिवाजी महाराज आणि त्यांचे बांदल मावळे ज्या वाटेनं गेले, त्याच वाटेनं, त्याच पावसात. भगवे झेंडे, चिखलातले पाय, घोषणा, याचे फोटो आम्ही दर वर्षी बघतो आणि अभिमान वाटतो. या वर्षी जाणाऱ्यांनो, एवढं करा. मसाई पठारावर धुकं किती वाजता उतरलं, कुंभारवाडीच्या पुढं ओढ्याला पाणी किती होतं, करपेवाडीत की आंबेवाडीत कुणी चहा दिला, पांढरेपाण्यापर्यंत पोचताना कुणाचे पाय गेले आणि कुणी त्याची पिशवी घेतली, खिंडीत उतरल्यावर तुम्ही पहिलं काय केलं, हे लिहा. लिहिलंत की इथं खाली टाका. मी एकेक वाचणार आहे, आणि माझ्या मावशीला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.